वीर घडवायला वर्षे लागतात

'सिटी ऑफ हीरोज' हा ऑनलाइन खेळ अमेरिकेत २८ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. आधी वर्ग निवडायचा: पुढे उभा राहून मार झेलणारा टँकर, लांबून मारा करणारा ब्लास्टर, साथीदारांना सावरणारा डिफेंडर, शिवाय स्क्रॅपर आणि कंट्रोलर. मग शक्तींचे दोन संच. शेवटची पातळी ५०, पण खरी घडण होते ती स्लॉट, म्हणजे शक्ती वाढवण्याच्या जागा, वाटताना. एका शक्तीला जास्तीत जास्त ६ स्लॉट. सगळ्याच शक्तींना ते पुरत नाहीत. जोर कुठे द्यायचा यावरून प्रत्येकाचा वीर वेगळा होतो. म्हणूनच पन्नाशी गाठलेले खेळाडूही नवा वीर घेऊन पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात करतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती साइडकिकची सोय. नवखा खेळाडू मुरलेल्याच्या जोडीला आला की त्याची ताकद तेवढ्यापुरती जवळपास मुरलेल्याइतकी होते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालवणाऱ्या अमरावतीला वस्तादाचा हात पाठीवर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी खेळ बंद झाला. वर्षानुवर्षे घडवलेले वीर त्यासोबत गेले. २०१९ मध्ये चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभारले. त्यांतल्या 'होमकमिंग'ला जानेवारी २०२४ मध्ये अधिकृत परवाना मिळाला. तिथे खेळायला पैसे लागत नाहीत. फक्त अमेरिकेतल्या साथीदारांसोबत खेळायचे तर वेळेचे भान हवे: उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा अकोल्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात.