मलमाचा त्रासही मोजायला हवा

सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच वर येतात आणि खवले साचतात. स्टेरॉइडचं मलम दाह शमवतं, कॅल्सिपोट्रिऑल हे औषध पेशींची वाढ मंद करतं. दोन्ही एकत्र वापरली तर एकेकट्यापेक्षा सहसा जास्त गुण येतो. पण चिकट मलम कपड्यांना लागतं, मग लावणंच सुटतं. अशा वेळी फोम किंवा जेल अनेकांना सोयीचं पडतं.

कार्डिफच्या फिनले आणि खान या संशोधकांनी १९९४ मध्ये त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली मांडली: खाज, संकोच, कपडे, काम, जवळीक. शेवटचा प्रश्न उपचाराच्याच त्रासाचा आहे: घर खराब होतं का, वेळ जातो का? मला हाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी ही अडचण त्यांना मोकळेपणाने सांगा. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने वाढवू किंवा थांबवू नका.