पुढची थार पाणंदीतून जाईल का?

नवी गाडी दाखवायला महिंद्रा कंपनीने १५ ऑगस्टचा मुहूर्त आता जवळजवळ कायमचा धरला आहे. २०२० साली याच दिवशी दुसऱ्या पिढीची थार लोकांसमोर आली. २०२३ साली केपटाऊनमध्ये विजेवर चालणाऱ्या थारचा नमुना दाखवला गेला, २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स आली आणि २०२५ साली मुंबईत ‘व्हिजन टी’ नावाचा नमुना उभा राहिला. थारच्याच वळणाची ही गाडी ‘न्यू आयक्यू’ या नव्या पायावर बेतलेली आहे आणि त्या पायावरच्या गाड्या २०२७ पासून चाकणहून बाहेर पडायच्या आहेत. ‘व्हिजन टी’ दिसल्यापासून फोर बाय फोरच्या शौकिनांत पुढच्या पिढीविषयी अपेक्षांना भरती आली आहे. कुणाला उघडं छप्पर हवं, कुणाला मोठा पडदा, कुणाला हवेशीर आसनं, तर कुणाला हायब्रीड इंजिन. या अपेक्षांत गैर काही नाही. पण त्यांचा क्रम लावायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते तो पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये लागणार नाही. पाटण, जावळी, शिराळा आणि जत या चार तालुक्यांच्या रस्त्यांवर तो आपोआप लागतो, आणि तिथे पडद्याचा नंबर बराच खाली येतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राकट गाडीची जेवढी म्हणून परीक्षा घेता येईल तेवढी सगळी निसर्गाने एकत्र ठेवली आहे. पश्चिमेला सह्याद्रीची धार. महाबळेश्वरात २२ जुलै २०२१ च्या आसपास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव परिसरात डोंगर घरांवर कोसळला. दरडी आणि वाहून गेलेल्या रस्त्यांमुळे गावं तुटली तेव्हा मदत पोहोचवायला शेवटचे काही किलोमीटर सर्वांत अवघड ठरले. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या खेड्यांना आजही बामणोली-तापोळ्याच्या लाँचचा आधार आहे. मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन. उसाची पाणंद पावसाळ्यात अशी होते की बैलगाडीचं चाकही तुंब्यापर्यंत रुतावं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, म्हणजे ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. पाणी ओसरल्यावर पलूस-मिरजेच्या गावांत रस्त्यांवर गाळ उरला. आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. तिथे पाऊस तुटपुंजा, पण ओढ्यांची पात्रं, मुरमाड चढ आणि पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत. या भागाने जीपला हौस म्हणून कधी जवळ केलं नाही. एसटी जिथे दिवसातून एकदा यायची तिथे वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, चालायचं, आणि वडापची गाडी म्हणजे महिंद्राची कमांडर नाहीतर बजाज टेंपोची ट्रॅक्स. १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडणाऱ्या कंपनीची खेड्यातली ओळख याच गाड्यांनी घडवली. आजचा शौक त्या गरजेच्या पोटी जन्मला आहे, हे विसरलं की अपेक्षांची यादी भरकटते.

गाडी राकट आहे म्हणजे नेमकं काय, हे इथल्या चढावर पटकन कळतं. साध्या गाडीच्या डिफरन्शियलचा एक स्वभावदोष आहे. ज्या चाकाला पकड सर्वांत कमी, त्याच चाकाला तो मोकळं फिरू देतो. एक चाक चिखलात गेलं की ते गरगरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं उभं राहतं. डिफरन्शियल लॉक ही दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो. लो रेंजचं काम वेगळं. तो इंजिनाची ताकद वाढवत नाही, गिअरच्या गुणोत्तराने चाकापाशी पोहोचणारा जोर वाढवतो आणि वेग चालण्याइतका खाली आणतो. चढापेक्षा उतारावर त्याची किंमत जास्त, कारण ओल्या घाटात ब्रेक दाबला तर चाकं घसरू शकतात, इंजिनाने रोखलं तर तो धोका कमी असतो. तिसरी गोष्ट गाडीच्या कोनांची. २०२० च्या थारचा पुढचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८ आणि पोटाचा २७ अंश आहे, जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. पोटाचा हा २७ अंशांचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणंदीतल्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि शेताच्या बांधाचा माथा गाडीच्या पोटालाच लागतो. रॉक्सचा व्हीलबेस २,४५० वरून २,८५० मिलिमीटरवर गेला. घरच्यांना जागा मिळाली, पण बांध ओलांडताना पोट जमिनीच्या जवळ आलं. म्हणून पुढच्या पिढीत तीन दारांची आखूड गाडी टिकावी, ही मागणी जुन्या आठवणींच्या मोहातून आलेली नाही. साध्या भूमितीतून आलेली आहे.

खरा वाद चासीवर आहे. थार आजवर शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र चासीवर उभी राहिली. नवा ‘न्यू आयक्यू’ पाया मोनोकॉक आहे, म्हणजे सांगाडा आणि शरीर एकच. शौकिनांना इथेच धडकी भरते. त्यांचा संशय अगदी निराधार नाही, पण तो चुकीच्या जागी रोखलेला आहे असं मला वाटतं. २०१९ साली लँड रोव्हरने नवी डिफेंडर आणली ती मोनोकॉकवरच, आणि तिची पाण्यात उतरण्याची क्षमता ९०० मिलिमीटर आहे. थारची ६५०, फोर्स गुरखाची ७००. तेव्हा मोनोकॉक म्हणजे बुळी गाडी, असा सरसकट निकाल देता येत नाही. चासी गेली तरी चालेल, लो रेंज आणि लॉक जाता कामा नयेत, असं मी म्हणेन. भीती वेगळीच आहे. मोनोकॉक पाया अनेक गाड्यांत वाटून घ्यायचा असतो, आणि तिथे चारही चाकांना जोर देण्याची सोय केली तरी ती बहुधा लो रेंजशिवायची असते. बर्फावर, पावसाळी डांबरावर ती उत्तम. चिखलाने भरलेल्या चढावर ती थोड्या वेळाने तापते आणि हात टेकते. डिफेंडरने ही उणीव हवेवरच्या सस्पेन्शनने, लो रेंजने आणि भरपूर इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढली, पण त्याची किंमत कोटी रुपयांच्या घरात जाते. दहा-पंधरा लाखांच्या गाडीत ते सगळं येणार नाही. म्हणजे मोनोकॉक स्वीकारायचा असेल तर त्याबरोबर काय काय यायला हवं, हे आधी ठरवून मागावं लागेल.

सुरक्षिततेसाठी जुना बांधा सोडावाच लागतो, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो टिकत नाही. २०२० ची थार शिडीच्या चासीवरची, तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. रॉक्सही त्याच जातीची, तिला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. रस्त्यावर झोकांड्या कमी, आवाज कमी, वजन कमी, हे मोनोकॉकचे फायदे मात्र खरे आहेत आणि पुणे-बंगळूर महामार्गावर रोज धावणाऱ्याला ते मोलाचे वाटणार. माझा त्याला विरोध नाही. सुझुकीने २०१८ च्या जिमनीत शिडीची चासी आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल जपला, फोर्सने गुरखात दोन्ही ॲक्सलना लॉक दिला. अशा गाड्या बाजारात असताना थारने थोडी मवाळ वाट धरली तर आकाश कोसळणार नाही, असंही कुणी म्हणेल. पण गुरखा आणि जिमनीची विक्री थारच्या पासंगालाही पुरत नाही. गावोगावी जिचे सुटे भाग आणि सर्व्हिस मिळते अशी राकट गाडी आज एकच आहे, आणि तिने वाट बदलली तर या भागाला खरोखरीचा पर्याय उरत नाही.

सुट्या भागांचा विषय शौकिनांच्या चर्चेत फार उशिरा येतो, तो आधी यायला हवा. हा भाग लोखंड ओळखणाऱ्यांचा आहे. १९१० साली पलूसजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्यात कूपर कंपनीने इंजिनं बनवली, आज तिथे भारत फोर्जचा कारखाना आहे. कऱ्हाड-इस्लामपूरच्या गॅरेजमधला मेस्त्री जुन्या जीपचे पाटे, हब, क्राउन-पिनियन उघडून बसवू शकतो. नव्या गाडीत सेन्सर बिघडला तर तोच मेस्त्री हतबल होतो, आणि गाडी पाटणच्या आतल्या खेड्यात उभी असेल तर तिला ओढून आणण्यातच दिवस जातो. इलेक्ट्रॉनिक्स नकोच, असं मी म्हणत नाही. प्रदूषणाचे नियम त्याशिवाय पाळता येत नाहीत. मागणी एवढीच की लो रेंज आणि लॉक यांचं काम सेन्सरवर अडू नये. सेन्सर मेला तरी दांडा ओढला की गिअर पडला पाहिजे. आजच्या थारमध्ये ट्रान्सफर केसला, म्हणजे लो रेंज घालणाऱ्या गिअरपेटीला, हाताचा दांडा आहे, तो राहावा. त्याच्या जागी गोल बटण आलं की आतला भाग सुंदर दिसतो, पण दरडीच्या पलीकडे अडकलेल्या माणसाला सौंदर्याचा उपयोग नसतो.

आता पैशाचं. इथे चिंतेची गोष्ट अशी की कररचनेनेच राकट गाडी शेतकऱ्यापासून लांब नेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि दीड लिटरपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. पेट्रोलला मर्यादा १,२०० सीसीची. त्यापुढे ४० टक्के. तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटर लांब, म्हणजे लांबीत बसते. पण तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन, जे २०२३ च्या जानेवारीत आलं, ते फक्त मागच्या दोन चाकांना जोडलेलं आहे. फोर बाय फोर हवी तर २.२ लिटर डिझेल किंवा दोन लिटर पेट्रोल घ्यावं लागतं आणि थेट ४० टक्क्यांत जावं लागतं. जिमनीचं पेट्रोल इंजिन दीड लिटरच्या आतलं, तरी १,२०० च्या वरचं, म्हणून तीही ४० टक्क्यांत, गुरखाचं २.६ लिटर तर आहेच. या तिघींपैकी एकही खरी फोर बाय फोर १८ टक्क्यांत नाही. आणि दीड लिटरच्या इंजिनात दम नाही म्हणावं तर कंपनीच्याच आकड्यांनुसार त्याचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर आहे, २.२ लिटर डिझेल बाजारात आलं तेव्हा त्याचाही तेवढाच होता. अश्वशक्तीचा फरक ११७ आणि १३० चा. चिखलातून हळू चालायला लागतो टॉर्क. पुढच्या पिढीत दीड लिटर डिझेलला लो रेंज आणि मागचा लॉक मिळावा, ही मला सगळ्या अपेक्षांत पहिली वाटते, कारण तिच्यामुळे करातला फरक शेतकऱ्याच्या खिशात राहील.

यावर कंपनीच्या बाजूने दोन आक्षेप येतील. एक, शंभरातले बहुतेक मालक लो रेंज कधी वापरतच नाहीत. खरं आहे. पण ज्यांना ते नको त्यांच्यासाठी दोनच चाकांना जोर देणारी गाडी आहेच, आणि तीच स्वस्त आहे. ज्यांना गरज आहे त्यांनाच जास्त कर भरावा लागतो, ही उलटी व्यवस्था झाली. दुसरा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो. अशी गाडी हातात आली की लोक ती घेऊन कासच्या सड्यावर, ओढ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत घुसतात. २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाचा कास हा भाग आहे. तिथे जांभ्यावर बोटभर मातीत फुलं उगवतात आणि एकदा पडलेली चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथे परवानगीशिवाय चाक नेणं हा गुन्हाच आहे. पुराचंही तसंच. पाण्याचा ६५० मिलिमीटरचा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहतं पाणी दोन फुटांतही मोठी गाडी उचलतं. ब्राह्मनाळला २०१९ च्या पुरात बोट उलटून माणसं बुडाली, ते पाहिलेल्या जिल्ह्यात कुणी कृष्णेच्या पुरात जीप घालण्याची भाषा करू नये. तेव्हा मी जी ताकद मागतो ती आधीच असलेल्या वाटांसाठी आहे. पाणंद, घाट, दरडीनंतरचा रस्ता, धरणाकाठची खेडी. शौकिनांच्या गटांनी ही मर्यादा स्वतः पाळली तर त्यांच्या मागणीला वजन येईल. ती न पाळणाऱ्यांना वन खात्याने जबर दंड करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेवरची थार आली तर काय, हेही विचारलं जातं. चाकाला शून्य वेगातच पूर्ण जोर मिळणं ही विजेची देणगी आहे, आणि उतारावर गाडी रोखताना बॅटरी भरते. तत्त्वतः घाटासाठी याहून चांगलं काही नाही. १,९६० मेगावॅट वीज निर्माण करणाऱ्या कोयनेच्या खोऱ्यात गाडी चार्ज करायची सोय मात्र अजून विरळ आहे, आणि पावसाळ्यात डोंगरी गावांत वीज दोन-दोन दिवस जाते. तोवर डिझेल हवं.

या सगळ्यात घाई करण्याचं कारण एक आहे. जुन्या जीपला मालक मागाहून काय हवं ते बसवून घेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि बुलबारवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बोट ठेवलं होतं. वाटसरूंच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की टो हूक, पोटाखालचं पत्र्याचं कवच, चिखलाचे टायर आणि विंचची बैठक कारखान्यातूनच, मान्यतेसह मिळायला हवी. ट्रान्सफर केससाठी चासीत किंवा पायात जागा ठेवायची की नाही हे तर आराखड्याच्या टेबलावरच ठरतं. २०२७ च्या गाडीसाठी ते टेबल आत्ता मांडलेलं आहे, आणि एकदा साचे ओतले गेले की कऱ्हाडच्या कुठल्याही मेस्त्रीला तो दांडा नंतर बसवता येणार नाही.