बचाव-तबकडी निरुपयोगी ठरते तेव्हा

संगणक सुरू होईनासा झाला, की त्यात साठविलेले हिशेब, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे यांचे काय होणार, ही पहिली चिंता असते. अशा प्रसंगासाठी पुष्कळ लोक ‘रेस्क्यू डिस्क’, म्हणजेच बचाव-तबकडी, तयार करून ठेवतात. ऐन वेळी तीही चालली नाही, तर सर्वस्व गेले असे वाटू लागते. हा समज बहुधा चुकीचा असतो. माहितीची राखीव प्रत ही एक गोष्ट आणि ती प्रत परत भरण्यासाठी यंत्र जागे करणारी तबकडी ही दुसरी. तबकडी अडली म्हणून प्रत नष्ट झाली, असे मुळीच नाही.

दोष शोधण्यासाठी संगणक कसा सुरू होतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. या क्रियेला ‘बूट’ म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे, या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला आहे. कळ दाबताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठविलेली छोटी आज्ञावली प्रथम कामाला लागते. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये तिचे नाव ‘बायोस’ असे होते. हार्ड डिस्कवरील पहिले 512 बाइट वाचून, त्यांच्या शेवटी ठरलेली खूण आढळल्यास, ती पुढील कारभार तेथील आज्ञावलीवर सोपवते. नव्या संगणकांत ‘यूईएफआय’ ही पद्धत असून, ती ठरावीक फोल्डरमधील ठरावीक नावाची फाइल शोधते. तात्पर्य, ही एक साखळी आहे. तिची कोणती कडी तुटली, एवढेच आपल्याला शोधावयाचे असते.

पहिली शक्यता अशी, की संगणक तबकडीकडे पाहतच नाही. कोणत्या साधनापासून सुरुवात करावयाची, याचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात हार्ड डिस्क पहिली असल्यास यंत्र तिच्यापाशीच अडते. सुरुवातीलाच एफ12, एफ2, एस्केप किंवा डिलीट यांपैकी, उत्पादकानुसार बदलणारी, कळ दाबून हा क्रम बदलता येतो. काही तबकड्या ‘कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना काही क्षणच दाखवितात. ती हुकली, तर संगणक पुढच्या साधनाकडे वळतो.

दुसरी शक्यता तबकडीच सदोष असण्याची. ती दुसऱ्या संगणकात घालून पाहावी. उघडल्यावर आत ‘आयएसओ’ प्रकारची एकच फाइल दिसली, तर प्रतिमा तबकडीवर उतरविण्याऐवजी ती फाइल नुसतीच नकलली गेली आहे, असे समजावे. अशा तबकडीने संगणक सुरू होत नाही. शिवाय घरी लिहिलेल्या तबकडीतील रंजक थर ऊन व उष्णता यांनी कालांतराने खराब होतो.

तिसरी शक्यता जुन्या-नव्याच्या विसंगतीची आहे. बायोससाठी बनविलेली तबकडी केवळ यूईएफआय जाणणाऱ्या यंत्रावर चालत नाही. त्यातच 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था रूढ झाली. ओळखीची अंकीय सही नसलेली आज्ञावली ती चालू देत नाही. तबकडी विश्वासार्ह असल्यास ही व्यवस्था तात्पुरती बंद करता येते. मात्र हार्ड डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असल्यास त्यानंतर 48 अंकी किल्ली विचारली जाऊ शकते. ती आधीच हाताशी असावी.

चौथी शक्यता सर्वांत फसवी होय. तबकडी सुरू होते, परंतु तिला हार्ड डिस्क दिसत नाही. अनेकदा याचे कारण एवढेच असते, की जुन्या तबकडीत नव्या यंत्राच्या डिस्कशी बोलणारी ‘ड्रायव्हर’ आज्ञावली नसते. नवी तबकडी केल्यास किंवा तो ड्रायव्हर पुरविल्यास डिस्क पुन्हा दिसू लागते.

या सर्व खटाटोपात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पडद्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला, तर होकार देऊ नये. संगणक सुरू न होणे ही अडचण आहे, पण डिस्कवर नवे काही लिहिले जाणे ही खरी हानी ठरू शकते. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे द्यावे.

बचाव-तबकडीची परीक्षा संकटाच्या दिवशी घेऊ नये. ती तयार केली त्याच दिवशी तिच्यावरून संगणक सुरू करावा आणि हार्ड डिस्क व राखीव प्रत या दोन्ही दिसतात याची खात्री करून घ्यावी. यंत्र बदलल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.