डोंगर धरणारे काँक्रीट



वारणानगरहून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलो की वैभववाडी लागते. तिथे २२ जून २००३ च्या रात्री रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वेच्या गाडीतील ५० हून अधिक माणसे दगावली. पुढे या मार्गावरील डोंगरकापांवर लोखंडी जाळ्या, खडकात रोवलेले बोल्ट आणि शॉटक्रीट यांची कामे झाली.

शॉटक्रीट म्हणजे फवारून मारलेले काँक्रीट. कोरड्या पद्धतीत सिमेंट-वाळू दाबाच्या हवेने नळीतून येते आणि नळीच्या तोंडाशी तिच्यात पाणी मिसळते. मिश्रण जोराने आदळून घट्ट बसते, फळ्या बांधाव्या लागत नाहीत. गळक्या टाक्याही अशाच दुरुस्त होतात. त्या कामाला ‘गनायटिंग’ म्हणतात.

पाड्यावरच्या टाकीसाठी आपण देणगी देता, तेव्हा मी तीन गोष्टी विचारतो. सुटा झालेला जुना थर खरवडून काढला का? किमान ७ दिवस पाणी मारणार का? कामगारांना मास्क दिले का? ही बारीक धूळ फुप्फुसे कायमची निकामी करू शकते.

डोंगरउतारावर चौथा प्रश्न येतो: थरामागचे पाणी निघायला भोके ठेवली का? नाहीतर साचलेले पाणीच थर ढकलून देते.

मात्र अख्खा डोंगर सरकतो तेव्हा हा काही इंचांचा थर त्याला थोपवू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती ठाकर बांधवांची वस्ती होती. अशा धोक्याच्या जागी पैसा भिंतीवर नव्हे, माणसे पावसाळ्यापूर्वी सुरक्षित जागी हलवण्यावर खर्च व्हावा.