अपक्वाहारी आणि पंगत
तीन वर्षे केवळ कच्चा व दुग्धवर्ज्य शाकाहार घेणारी एक रुग्णा म्हणाली, “डॉक्टर, पथ्य जमते, पण माहेरच्या कार्याला जाणेच मी सोडले आहे.” वाढणाऱ्या प्रत्येकीला नकार देण्याचा संकोच तिला असह्य झाला होता.

ही तक्रार वैद्याने गौण मानू नये. मात्रेने घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे.

आयुर्वेद अपक्वाहार सरसकट सुचवीत नाही. मंदाग्नी व्यक्तीस कच्ची डाळ गुरू व वातकर ठरते, म्हणून अग्निपरीक्षण प्रथम करावे. केवळ वनस्पतिज आहारातून जीवनसत्त्व बी-१२ पुरेसे मिळत नाही. त्याची रक्ततपासणी करून पूरक मात्रा द्यावी.

पंगतीचा प्रश्न मात्र पूर्वसूचनेने सुटतो. कैरीची डाळ, भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, ओले खोबरे, फळे, शहाळे यांना अग्निसंस्कार लागत नाही. फोडणी, दही व भाजलेल्या दाण्यांचे कूट घालण्यापूर्वी एक वाटी बाजूला काढावी, एवढेच यजमानास सांगावे. उपाहारगृहातही मागणी नोंदवतानाच हे स्पष्ट करावे. भूक अनावर होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी घरी थोडे खावे.

रुग्णेने वहिनीला तसे कळवले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बिनफोडणीची डाळ तिच्यासाठी वेगळी ठेवलेली होती. तिने ती थोडीच खाल्ली. परंतु सर्वांसमवेत बसून, निश्चिंत मनाने खाल्ली.