कोरडे बूट आणि पेज नदीचे पाणी

माध्यमशिक्षण घेणाऱ्या मुलांना एक प्रकल्प दिला जातो: रहस्यपटाची फक्त सुरुवात करून दाखवा, दोन मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. गट पाच-सहा जणांचा, पैसे जेमतेम, कॅमेरा बहुधा मोबाइलचाच. मुंबईच्या गटाला अशा वेळी कर्जत आठवते. लोकलच्या तिकिटात पोहोचता येते, पाऊस लागला की घाटाच्या पायथ्याशी ढग उतरतात, बाराही महिने बंद दिसणारी शेतघरे आहेत. शिवाय सिनेमावाल्यांना हा मुलूख नवा नाही. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ इथलाच, लोक त्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणतात, प्रत्यक्षात तो खालापूर तालुक्यात चौकजवळ आहे, आणि ‘जोधा अकबर’चे महाल तिथेच उभे राहिले होते. मग वहीत पहिल्याच दिवशी जे उतरते ते ठरलेले असते: धुके, बंद बंगला, कुरकुरणारे दार, पाठमोरी बाई. माझे म्हणणे असे आहे की या साहित्यातून रहस्य तयार होत नाही. रहस्याला आधी एक नियम लागतो, रोजच्या जगण्यातला, प्रेक्षकाला स्वच्छ दाखवलेला. तो नियम एका जागी मोडला की प्रश्न जन्माला येतो. आणि असे नियम कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जितके सापडतील तितके धुक्यात सापडणार नाहीत.

मराठीने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे भयकथा, गूढकथा आणि रहस्यकथा असे तीन वेगळे शब्द आहेत आणि वाचक ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. नारायण धारपांचे नाव घेतले की भय आठवते, रत्नाकर मतकरींच्या कथेला आपण गूढकथा म्हणतो आणि हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारे बाबूराव अर्नाळकर हे रहस्यकथाकार. फरक नुसत्या लेबलांचा नाही. भय अंगावर येते, त्याला उत्तराची गरज नसते. गूढ उत्तराच्या पलीकडे राहू शकते, कधी कधी तिथेच त्याचे सामर्थ्य असते. रहस्याचे मात्र उत्तर असलेच पाहिजे, आणि ते मिळेल असा विश्वास वाचकाला पहिल्या पानावर वाटला पाहिजे. धुके हे भयाचे आणि गूढाचे सामान आहे. त्यात काही नीट दिसत नाही, आणि जे दिसलेच नाही त्याबद्दल विचार तरी काय करणार? प्रकल्पाच्या कागदावर ‘रहस्यपट’ लिहिलेले असताना गट भयपटाची सुरुवात करून आणतो, तो या तीन शब्दांत गल्लत झाल्यामुळे.

१९६४ साली आलेले दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. राज खोसलांचा ‘वो कौन थी’ पावसाळी रात्री सुरू होतो. मोटार, रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली अनोळखी स्त्री, पुढे स्मशानभूमी. हे दृश्य इतके परिणामकारक ठरले की साठ वर्षे त्याच्या नकला चालू आहेत, आणि नकलेत पाऊस व साडी तेवढी उरली आहे. त्याच वर्षीचा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ दुसऱ्या वाटेने जातो. एका वकिलाची पत्नी मरण पावलेली आहे. हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री पोलिसांच्या हाती लागते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. ही कोंडी कशावर उभी आहे? मृत्यू प्रेक्षकाने पक्का मानला आहे, त्यावर. त्या मृत्यूबद्दल सुरुवातीलाच धूसरपणा ठेवला असता तर पुढच्या दाव्याला काहीच धार उरली नसती. खोसलांनी याच कथेवर १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला, यावरून तिची बांधणी किती पक्की होती ते कळते. नवख्या मुलाला हे उलटे वाटते. रहस्य म्हणजे लपवणे, असे तो समजून चालतो. खरे तर आधी एखादी गोष्ट शंका उरणार नाही इतकी स्पष्ट दाखवावी लागते, तेव्हा कुठे तिला धक्का देता येतो.

याचे सर्वांत शुद्ध उदाहरण जर्मन आहे. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ची (१९३१) सुरुवात बर्लिनमधल्या एका चाळवजा इमारतीत होते. आई मुलीसाठी ताट मांडते, घड्याळाकडे पाहते. शाळा सुटलेली मुलगी चेंडू आपटत येते. तो ज्या फलकावर आपटतो त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यास जाहीर झालेले बक्षीस आहे, आणि त्या फलकावर एका माणसाची सावली पडते. नंतर आई हाका मारते. रिकामा जिना दिसतो, रिकामा पोटमाळा, टेबलावरचे रिकामे ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दिसत नाही, रक्त दिसत नाही. पण जेवणाची वेळ, ताट, चेंडू हे सगळे आधी भरलेले दाखवले आहे, म्हणून त्यांचे रिकामेपण सहन होत नाही. या दृश्याला लागलेले साहित्य कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरात आहे. लांगने खर्च केला तो क्रमाच्या विचारावर.

आता असा भरलेला क्रम कर्जतमध्ये कुठे आहे, ते शोधायचे. स्थानकावर लगेच एक सापडतो. लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. घाटाची चढण ३७ फुटांना १ फूट इतकी आहे. मागून धक्का बसला की इंजिने लागली हे नेहमीचा प्रवासी ओळखतो आणि फलाटावर वडा घ्यायला उतरलेला पाय डब्यात परत घेतो. दुसरा क्रम खोपोलीच्या फाट्यावर आहे. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. गाड्या मोजक्या, त्यामुळे शेवटच्या लोकलने कोण येतो हे घरच्यांना ठाऊक असते आणि कोण आले नाही हेही लगेच कळते. हे दोन्ही चांगले आहेत. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पेज नदीचा नियम, कारण तो बाहेरच्याला चमत्कार वाटतो आणि गावच्याला वेळापत्रक.

भर उन्हाळ्यात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, पेजचे पाणी चढते आणि उतरते. कारण घाटावर आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रात खाली सोडले जाते. हे केंद्र १९२२ पासूनचे. खालापूरच्या बाजूला त्याचेच थोरले भावंड आहे, १९१५ चे खोपोली केंद्र, ज्याचे पाणी पाताळगंगेला मिळते. जलविद्युत संच प्रामुख्याने विजेची मागणी वाढते तेव्हा उपयोगाला येतात. एरवी पूर्वेकडे भीमेला गेले असते ते पाणी जनित्रे फिरवून पश्चिमेला उतरते, पेजमधून उल्हासला मिळते आणि वाटेत गावांची तहान भागवते. म्हणजे मुंबईत दिवे लागतात आणि इथे नदी वाढते, असा हा संबंध. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने हे शिकून घेतलेले असते. कपडे कधी धुवायचे, म्हशी कधी उतरवायच्या, पोरांना कधी हाक मारायची, हे तो ढगांवरून ठरवत नाही.

यातून दोन मिनिटे अशी बांधता येतील. मे महिन्याचे ऊन, पेजच्या पात्रातला एक सपाट काळा दगड, त्यावर धुणे आपटणाऱ्या बायका. दगडाच्या टोकाला शहरी वळणाचे पुरुषी बूट, एकमेकांना चिकटून नीट ठेवलेले, दोन्ही मोजे उजव्या बुटात खोचलेले. बूट कोणाचे हे कोणी विचारत नाही. असतील कोणा पोहायला आलेल्याचे. एक बाई मनगटावरचे घड्याळ बघते आणि मुलीला म्हणते, “आटप गं, पाणी सुटंल आता.” बायका पिळे उचलून काठ चढतात. दगडावर बूट राहतात. मग तीच फ्रेम, तसूभरही न हललेली: दगड पाण्याखाली, आकाश निरभ्र. शेवटी गावातल्या एका घराची पायरी. तिथे तेच बूट, तसेच चिकटून, दोन्ही मोजे उजव्या बुटात. आणि बूट कोरडे.

इथे प्रेक्षकाचे डोके कामाला लागते, कारण त्याच्या हातात तीन पक्क्या गोष्टी आहेत. पाणी ठरलेल्या वेळी येते, बायका गेल्या तेव्हा बूट दगडावर होते, आता ते कोरडे आहेत. म्हणजे मधल्या थोड्या वेळात कोणीतरी पात्रात उतरले. त्याला पाण्याची वेळ माहीत होती. त्याने बूट उचलले, पण बुटांच्या मालकाला हाक मारली नाही. ‘पाणी का वाढले’ हा प्रश्न मिटतो आणि ‘पाणी कधी वाढणार हे कोणाला ठाऊक होते’ हा उभा राहतो. बूट कुत्र्याने नेले असतील, अशी पळवाट मोज्यांच्या तपशिलाने बंद होते. म्हणून तो तपशील दोन्ही वेळा जवळून दाखवायलाच हवा. या सबंध आराखड्यात मला सर्वांत जास्त काळजी त्याच दोन क्लोज-अपची वाटते. ते चुकले तर बाकी सगळे केवळ नदीचे देखणे चित्रण ठरेल.

यावर एक आक्षेप हमखास येईल की पेजचे गुपित कर्जतबाहेरच्या परीक्षकाला कसे कळणार? त्याला वीजकेंद्र कळण्याची पहिल्या दोन मिनिटांत गरजच नाही. बाईच्या एका वाक्यातून त्याला एवढे कळते की पाणी सुटते आणि त्याला वेळ आहे. केंद्राचा खुलासा पुढच्या चित्रपटाचा भाग, आणि तो खरा असल्यामुळे केव्हाही देता येईल. गावच्या प्रेक्षकाला आधीच सगळे माहीत, मग त्याला रहस्य कसले, असे म्हणावे तर त्याच्यासाठी कोरडे बूट जास्तच भयंकर आहेत. आपल्यातलाच कोणीतरी, हे त्याला सर्वांत आधी समजते. दुसरा आक्षेप काळाचा आहे. आजचा प्रेक्षक बोटाने पुढे सरकतो, त्याला पहिल्या पाच सेकंदांत किंचाळी हवी, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, इतकेच की पहिली चौकट पकड घेणारी हवी. पण किंचाळी ऐकून झाली की संपते. दगडावर नीट ठेवलेले, बिनमालकाचे बूट पहिल्याच चौकटीत दिसले तर तीही पकडच आहे, आणि ती दोन मिनिटांनंतरही सुटत नाही.

धुक्याच्या आराखड्याबद्दल माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्यात गावचा माणूस येतो तो संशयित म्हणून. हातात कोयता, तोंडात शब्द नाही, नजर रोखलेली. ठाकूर आणि कातकरी वस्त्यांतल्या माणसांवर हा साचा फार सैलपणे चढवला जातो, आणि दोन दिवसांसाठी आलेल्या गटाला त्यात काही वावगे वाटत नाही. नियमापासून सुरुवात केली की हे आपोआप बदलते, कारण नियम जाणणारा माणूस हाच कथेतला शहाणा माणूस होतो. घड्याळ बघणारी ती बाई प्रेक्षकापेक्षा एक पाऊल पुढे आहे. तसेच जागा निवडताना एक मर्यादा पाळावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती जागा कोणाच्याही कथेची पार्श्वभूमी नव्हे. तिथे आप्त गमावलेली कुटुंबे याच खालापूर तालुक्यात राहतात.

करण्याच्या बाबी थोड्या आहेत, पण नेमक्या आहेत. रेकी चित्रीकरणाच्या आधी आणि त्याच वेळेला करावी, पाणी कधी सुटते ते काठावरच्या लोकांना विचारून घ्यावे आणि ती वेळ जवळ आल्यावर पात्रात एकही माणूस ठेवू नये. कॅमेरा काठावर, ट्रायपॉडच्या पायांखाली खडूने खुणा. दोन्ही चौकटी जुळल्या नाहीत तर सगळी मेहनत वाया जाईल. धुणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय चित्रित करू नये आणि त्यांचा वेळ घेतला तर मोबदला द्यावा. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही, म्हणून लोकल दाखवायचा मोह टाळून तिचा आवाज दुरून, रस्त्यावरून टिपावा. आवाजाला तर मी अर्धे गुण देईन. धुणे आपटण्याचा ठेका सुरुवातीपासून चालू राहावा, बाईच्या वाक्यानंतर थांबावा आणि त्या शांततेत पाण्याचा बारीक आवाज हळूहळू वर यावा. पार्श्वसंगीताची गरज पडलीच तर समजावे की संकलनात काहीतरी चुकले आहे.

राहिली श्रेयनामावली. ती बहुतेक गट शेवटच्या रात्री काळ्या पडद्यावर चिकटवतात, वास्तविक ती सुरुवातीचाच भाग आहे. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याची लेणी आहेत, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे की हे काम कान्हाच्या बलक नावाच्या शिष्याने केले. त्यासाठी शब्द वापरला आहे तो अंतेवासी, म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा. शेजारच्या मूर्तीचा आता फक्त डोक्याकडचा भाग उरला आहे. विद्यार्थ्याने आपले नाव कामाच्या शेजारी, कामाइतक्याच विचाराने कोरले. प्रकल्पातही नावांना अशी जागा शोधता येईल: कलाकारांची नावे कोरड्या दगडाच्या मोकळ्या भागावर, छायाचित्रण आणि ध्वनीची नावे बायका काठ चढत असताना, चित्रपटाचे नाव दगड पाण्याखाली गेल्यावर, संथ पाण्यावर, आणि दिग्दर्शकाचे त्याच चौकटीत खाली. पायरीवरच्या बुटांच्या चित्रावर एकही अक्षर नको. ते किमान सहा सेकंद तसेच ठेवावे, म्हणजे मोजे कोणत्या बुटात आहेत ते पाहायला प्रेक्षकाला वेळ मिळेल.