राणी रंगाचा खणाचा ड्रेस आणि पायात काय?

गडद रंगाचा ड्रेस घेतला की आपण त्याच रंगाची चप्पल शोधत दुकानं पालथी घालतो. माझं ऐका, नका शोधू! राणी, पोपटी, मोरपंखी, कुठल्याही रंगाखाली साधी टॅन कोल्हापुरी शोभते. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, म्हणून तो मातकट तपकिरी रंग येतो. तो भडक रंगाशी भांडत नाही, त्याला जमिनीवर आणतो. फक्त पावसात घालू नका, भिजली की चामडं फुगतं.

दागिन्यांसाठी आधी काठ बघा. काठात सोनेरी जर असेल तर सोनेरी झुमके. जर नसेल तर ऑक्सिडाइज्ड. खणावर मुळातच बारीक नक्षी विणलेली असते, त्यामुळे मोठे कानातले घातले तर गळा मोकळाच ठेवा. मला तरी तसंच आवडतं.

पर्स काठाच्या रंगाची घ्या, ड्रेसच्या नको. आणि रंग दुकानातल्या दिव्याखाली नाही, दाराबाहेर उन्हात नेऊन जुळवा. राणी रंग पिवळ्या दिव्याखाली चक्क लालसर दिसतो!